रेडिएटरमधली हळद नेमकं काय करते?

सांगलीत हळदीचं कौतुक नव्याने करायला नको. हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं, मार्केट यार्डातले सौदे, २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. जुन्या ट्रक ड्रायव्हरांना हळदीचा आणखी एक उपयोग माहीत असतो. इंजिनचं गरम पाणी थंड करणारा रेडिएटर बारीक गळू लागला की पाण्यात एक-दोन चमचे हळद टाकायची आणि इंजिन चालू ठेवायचं. थोड्या वेळात गळती थांबते. हा उपाय खरा आहे, आणि तो का चालतो हे कळलं की कुठे चालणार नाही हेही आपोआप कळतं.

हळद जखम भरते तशी रेडिएटरचं भोकही भरते, असं अनेकांना वाटतं. पण जखमेवर ज्याचा गुण सांगितला जातो ते कर्क्युमिन हळदीत जेमतेम दोन ते पाच टक्के असतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. रेडिएटरमध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही. काम करतो तो स्टार्च. हळदीच्या वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग कर्बोदकांचा, आणि त्यात मोठा वाटा स्टार्चचा. शेतकरी हळद शिजवतो तेव्हाच हे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगलेले असतात. मग हळकुंड वाळतं, कडक होतं, दळलं जातं. हीच पूड ऐंशी-नव्वद अंशांच्या पाण्यात पडली की पुन्हा फुगते आणि चिकट होते. भोकातून पाणी बाहेर धावत असतं, ते या कणांना आणि हळदीतल्या तंतूंना स्वतःच ओढून भोकाच्या तोंडाशी आणतं. बाहेर तापलेल्या धातूवर पाण्याची वाफ होते, लगदा तिथेच सुकतो आणि बूच बसतं.

म्हणजे भोक सुईच्या टोकाएवढं हवं. पाइप फाटला असेल किंवा रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीला तडा गेला असेल, तर किलोभर हळद ओतूनही उपयोग नाही. शिवाय कुठलं भोक गळतीचं आणि कुठली वाट पाण्याची, हे हळदीला कळत नाही. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये नळ्या रुंद असत, त्यामुळे हा उपाय खपून जाई. आजच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरमधल्या चपट्या नळ्या आतून एक-दोन मिलिमीटरच्या असतात. हळद तिथे बसली की गळती थांबते, पण गाडी आधीपेक्षा जास्त तापू लागते. म्हणून हळद टाकली तर ती गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती. पोचल्यावर मिस्त्रींना हळद टाकल्याचं सांगायचं आणि सगळं पाणी काढून आतून धुऊन घ्यायचं. नाहीतर स्टार्च आत कुजतो.

गाडी तापण्याचा प्रश्न साताऱ्याकडे जास्त. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाताना गाडी साधारण पावणेसहाशे मीटर वर चढते. चार माणसं आणि सामान धरून दीड टन वजन एवढं उचलायला सुमारे ८४ लाख जूल ऊर्जा लागते, आणि ही फक्त चढण्याची. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो, जवळपास तेवढाच धुराबरोबर जातो आणि तेवढाच रेडिएटरच्या पाण्यात उतरतो. मे महिन्यात, रांगेत, पहिल्या गिअरमध्ये समोरून वाराही मिळत नाही. बोनेटमधून वाफा निघतात त्या यामुळे.

अशा वेळी गाडी बाजूला घेऊन लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे रेडिएटरचं झाकण उघडणं. कृपा करून हे करू नका. ते झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टीच. आत हवेच्या दाबापेक्षा आणखी सुमारे एक पट दाब धरलेला असतो, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण फिरवल्याबरोबर दाब जातो, ११० अंशांचं पाणी क्षणात उसळतं आणि तोंडावर, हातावर येतं. महाबळेश्वर तर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकणाचं रबर खराब असेल तर गाडी सांगलीत ठीक चालते आणि घाटमाथ्यावर उकळते. दोष कधी कधी एवढाच असतो, आणि झाकण स्वस्तात मिळतं.

तापमानाचा काटा वर जाताना दिसला की एसी बंद करून हीटर पूर्ण वेगाने लावा. उन्हाळ्यात जिवावर येतं, पण हीटरच्या आत दुसरा छोटा रेडिएटर असतो. त्यामुळे इंजिनची थोडी उष्णता तुमच्या अंगावर येते आणि इंजिन वाचतं. रबरी पाइपला चीर गेली असेल तर इंजिन थंड झाल्यावर, तो कोरडा करून, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून घट्ट गुंडाळतात. ताणलेलं रबर आकसू पाहतं आणि चीर दाबून धरतं. थोडं अंतर निभतं.

पाण्याला हळद, तसा पेट्रोलच्या टाकीला साबण. बारीक झिरपणाऱ्या जागेवर कपडे धुण्याचा साबण घासून भरतात. मला हा उपाय फार आवडतो, कारण त्यात शाळेतलं रसायनशास्त्र सरळ दिसतं. पेट्रोल म्हणजे हायड्रोकार्बन आणि मेणबत्तीचं मेणही हायड्रोकार्बन, म्हणून मेण तिथे विरघळून जातं. साबण मात्र मेदाम्लांचा सोडियम क्षार, पेट्रोल त्याला विरघळवू शकत नाही. पाऊस लागला तर तोच साबण वाहून जातो. आता पेट्रोलमध्ये आपल्याच साखर कारखान्यांतलं इथेनॉलही असतं, आणि साबण अल्कोहोलमध्ये विरघळतो, त्यामुळे पूर्वीइतका भरवसा धरू नये. हे करताना आसपास बिडी, सिगारेट, काहीही पेटतं नको. इंजिन गार असलं पाहिजे.

सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टक् टक् होतं, पण हॉर्न वाजतो आणि दिवे लागतात? बॅटरी बदलण्याआधी तिची टर्मिनल, म्हणजे वायरी जोडायची टोकं बघा. तिथे पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर विजेला अडथळा होतो. तो अडथळा ०.०२ ओहम धरू. दोन्ही हेडलाइटना मिळून नऊ अँपिअर लागतात, म्हणजे ०.१८ व्होल्ट वाया, डोळ्यांना कळतही नाही. इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला, म्हणजे स्टार्टरला, दीडशे अँपिअर लागले तर तीन व्होल्ट त्या भुकटीतच जातात, आणि बारा व्होल्टच्या बॅटरीला ते परवडत नाही. आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह अशा वायरी काढा. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, सोडा तिथलं आम्ल मारत असतो. सोडा बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका, आतलं आम्ल हवंच असतं. पुसून कोरडं करा, वायरी बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. हा उपाय तात्पुरता नाही, पूर्ण दुरुस्ती आहे.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट घासण्याचा उपाय मात्र तात्पुरताच. तिच्यातले बारीक कण उन्हाने खराब झालेला थर खरवडतात, काच स्वच्छ दिसते. पण उन्हापासून वाचवणारा मूळ लेपही गेलेला असल्याने काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो.

ब्रेकला मात्र घरातलं काहीही चालत नाही. ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून कुणी पाणी घालतं, कुणी गोडेतेल. डॉट ३ या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ चं २३० पर्यंत. पाणी त्याच्या कितीतरी आधी उकळतं. महाबळेश्वरहून वाईकडे उतरताना सतत ब्रेक दाबला की चाकांशी एवढी उष्णता सहज तयार होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल सरळ तळाला जातं. तेलाने वेगळं होतं, त्याने आतली रबरी वॉशर फुगतात आणि ब्रेक अडकतात किंवा गळतात. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा, ब्रेक सोडून सोडून लावा. पॅडल मऊ लागलं तर जागा बघून थांबा, चाकं गार होऊ द्या. तरीही पॅडल खालीच जात असेल तर गाडी हळूहळू खाली नेऊ असा विचार करू नका, टोचन करून न्या.