धमनी की शीर? लाल-निळी पेन्सिल बाजूला ठेवून

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये हृदयाची आकृती काढताना हातात दोन पेन्सिली असतात. लाल म्हणजे धमनी, निळी म्हणजे शीर. आकृतीला मार्क मिळतात आणि तीच समजूत घेऊन मुलंमुली नागपूरच्या मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात पोस्टिंगला जातात. ‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध’ हे तर शाळेपासून तोंडपाठ असतं. नर्सिंगला आल्यावर हे वाक्य सोडून द्यावं असं मला मनापासून वाटतं. सुई हातात असताना ते उपयोगाचं नाही, आणि एखाद्या वेळी पेशंटच्या जिवावर बेतू शकतं.

व्याख्या सरळ आहे. हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी, हृदयाकडे रक्त आणते ती शीर. आत ऑक्सिजन किती आहे हा प्रश्न व्याख्येत येतच नाही. नागपूर स्टेशनवर गाडी अप की डाउन हे ती कुठल्या दिशेला निघाली यावर ठरतं, डब्यात कोण बसलंय यावर नाही. तसंच हे.

म्हणून उजव्या व्हेंट्रिकलमधून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) फुप्फुसांकडे जाणारी वाहिनी धमनीच, जरी तिच्यातल्या रक्ताचं सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण, ७५ टक्क्यांच्या आसपासच असलं तरी. फुप्फुसांतून डाव्या एट्रियममध्ये (वरच्या कप्प्यात) येणाऱ्या चार वाहिन्या शिराच, जरी त्यांतलं रक्त शरीरात सगळ्यात ताजं असलं तरी. लेबर रूममध्ये ड्यूटी लागली की नाळेचं कापलेलं टोक नीट बघा. दोन लहान, जाड भिंतीची तोंडं दिसतात, त्या धमन्या. एक मोठं, सैल तोंड दिसतं, ती शीर. बाळाला ऑक्सिजन मिळत होता तो त्या शिरेतून. दोन धमन्या बाळाच्या हृदयाकडून वारेकडे रक्त परत नेत होत्या. लाल-निळा नियम इथे उलटा पडतो, दिशेचा नियम टिकतो.

दिशेनंतरचा खरा फरक दाबाचा. डावं व्हेंट्रिकल प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिली रक्त बाहेर फेकतं. मिनिटाला ७० ते ७५ ठोके धरले तर सुमारे ५ लिटर. महाधमनीत ते १२०/८० मिमी पारा दाबाने शिरतं. दाबाची सगळ्यात मोठी घट होते ती बारीक धमनिकांमध्ये, आणि उजव्या एट्रियमपर्यंत येईस्तोवर दाब जेमतेम ० ते ५ उरतो. रक्त तेच, पाच लिटर तेच. बदलतो तो दाब, आणि भिंती त्याप्रमाणे घडतात.

दोघींच्या भिंतीला थर तीनच. धमनीचा मधला थर स्नायू आणि लवचिक तंतूंनी जाड झालेला असतो. ठोक्याला महाधमनी ताणली जाते आणि हृदय सैल पडलं की आकसून रक्त पुढे ढकलत राहते. बीपीचा खालचा आकडा ८० वर राहतो, शून्यावर येत नाही, तो यामुळे. शिरेचा मधला थर पातळ, पोकळी मोठी. म्हणून ती सहज फुगते, सहज चपटी होते आणि भरपूर रक्त साठवते: शरीरातलं ६० टक्क्यांहून अधिक रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्येच असतं. दाब कमी, म्हणून हातापायांच्या शिरांत रक्त मागे येऊ नये यासाठी झडपा असतात आणि पोटरीचे स्नायू पंपाचं काम करतात. इंग्लिश डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ साली या झडपा उघड्या हातावर दाखवल्या. तुम्हीही करून बघा. दंडाला पट्टा बांधा, हाताच्या फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने, पुढच्या गाठीच्या (तीच झडप) पलीकडे रक्त सरकवा. ते बोट उचला. तेवढा तुकडा रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली येत नाही. आता पहिलं बोट सोडा, शीर खालून भरते.

टूर्निकेटची, म्हणजे सुई टोचण्याआधी दंडाला बांधायच्या पट्ट्याची, सगळी गोम या दाबात आहे. तो इतकाच आवळायचा की शिरेतलं रक्त अडेल आणि धमनीतलं वाहत राहील. पट्टा बांधल्यावर मनगटाची नाडी लागलीच पाहिजे. ती गेली तर तुम्ही धमनीच बंद केली, आता हातात नवीन रक्त येणारच नाही आणि शीर फुगणार कुठून? ‘नस सापडत नाही’ म्हणून पट्टा अजून कचकचून आवळणारे पाहिले की जीव कळवळतो.

कोपराच्या खळगीत जास्त सावध राहायला हवं. वर दिसणारी ठळक शीर हवीहवीशी वाटते, पण तिच्या खाली पातळ पडद्यापलीकडे दंडाची धमनी असते आणि तिच्या शेजारी नर्व्ह (मज्जातंतू). पट्टा बांधण्यापूर्वी दोन बोटांनी चाचपा. उसळी लागते तिथे धमनी. शीर मऊ लागते, दाबली की विरते, सोडली की भरते, ठोका देत नाही.

तरीही सुई धमनीत गेलीच तर कसं ओळखायचं? लालभडक रक्त, ठोक्याठोक्याने उसळणारं, हे पुस्तकातलं उत्तर. जरा हिशेब मांडू. सलाईनची बाटली हातापासून एक मीटर उंच टांगली तर तिचा दाब साधारण ७४ मिमी पारा होतो. शिरेत १० च्या आसपास, म्हणून सलाईन जातं. निरोगी माणसाच्या धमनीत सरासरी ९० च्या वर, म्हणून रक्त नळीत उलटं चढतं. पण पेशंट शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोसळलेलं) असेल आणि सरासरी दाब ५५ वर आला असेल तर सलाईन धमनीतही मुकाट्याने जाईल. त्यातून ऑक्सिजन कमी असेल तर रक्त काळपटच दिसेल. सगळ्यात आजारी पेशंटमध्येच रंगही फसवतो आणि उसळीही. शंका आली की त्या लाईनमधून औषध द्यायचं नाही, लगेच सिस्टरांना किंवा डॉक्टरांना सांगायचं. शिरेतलं औषध मोठ्या, आणखी मोठ्या वाहिनीत जाऊन पातळ होतं. धमनीतलं औषध बारीक, आणखी बारीक फांद्यांत घुसतं आणि बोटांची टोकं काळी पडू शकतात. धमनीतून सुई काढली तर किमान पाच मिनिटं बोटाने घट्ट दाबून धरायचं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आणखी जास्त.

नवतप्यात, उन्हाळ्यातल्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, तर शिरांची वेगळीच परीक्षा असते. उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाच्या हातावर शिरा टरारून दिसतात, कारण उष्णता बाहेर टाकायला कातडीकडे रक्त वाढतं. त्याच दुपारी उलट्या-जुलाबाने कोरडा पडलेला पेशंट येतो आणि हातावर एक शीर दिसत नाही. पाणी कमी झालं की शरीर आधी शिरा आवळून तिथला साठा हृदयाकडे पाठवतं. बीपी बऱ्यापैकी असूनही शिरा चपट्या असू शकतात, म्हणून नुसत्या बीपीच्या आकड्यावर निश्चिंत राहू नका. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट बरेच. वारंवार सुया टोचून त्यांच्या शिरा कडक झालेल्या असतात. कुठली शीर चालते हे त्यांना ठाऊक असतं, त्यांना विचारा.

दाब भिंत कशी घडवतो हे पाहायचं तर डायलिसिस युनिटमध्ये जा. फिस्टुला म्हणजे मनगटाजवळ किंवा कोपराजवळ शीर धमनीला जोडलेली असते. काही आठवड्यांत ती शीर रुंद आणि जाड होते, वर हात ठेवला की थरथर जाणवते. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सलाईन नाही, रक्ताचा नमुनाही नाही. बायपासमध्ये पायाची शीर हृदयावर बसवतात तेव्हा ती उलटी करून जोडतात, नाहीतर तिच्याच झडपा रक्त अडवतील.

पाय दुखतो म्हणून आलेल्या पेशंटमध्येही हाच फरक कामी येतो. धमनी अचानक बंद झाली तर पाय पांढरट, गार, नाडी नाही, वेदना असह्य. खोल शिरेत गुठळी झाली तर पाय सुजलेला, गरम, जड, आणि नाडी बहुधा लागते. ही गुठळी सुटली तर उजव्या हृदयातून फुप्फुसात जाते, म्हणून अशी पोटरी चोळायची नाही. शिरेच्या सुजेला पाय उंच ठेवून आराम पडतो. धमनी अरुंद झालेला पाय उंच केला तर होतं तेही रक्त पोचत नाही. पायाला दाब देणाऱ्या घट्ट मोज्यांचंही तसंच. ऑर्डर शीटवर मोजे लिहिलेले असले तरी चढवण्याआधी दोन्ही पावलांवरची नाडी बघा, आणि लागली नाही तर मोजे बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवा.