न्हाणीघरातले उंचीचे गणित

नागपुरात महालातल्या आमच्या जुन्या घरी माझी सत्तरी ओलांडलेली आत्या शौचालयातून उठताना रोज टॉवेलच्या दांडीचा आधार घेत असे. टाइल्समध्ये ठोकलेल्या दोन प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर ती दांडी उभी होती. एके दिवशी ती स्क्रूंसकट आत्याच्या हातात आली. टॉवेल पेलण्यासाठी केलेली वस्तू माणसाचा भार पेलणार नाही, हे आम्हाला आधीच कळायला हवे होते.

बैठक जितकी खाली, तितका गुडघा अधिक दुमडतो आणि उठताना शरीर तितकेच जास्त वर उचलावे लागते. म्हणूनच बैठक थोडी उंच केली तरी गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा ताण लक्षणीय घटतो. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी कमोडची उंची साधारण 450 ते 480 मिलिमीटर ठेवतात, कारण दोन्ही बैठका एका पातळीत असल्या की शरीर न उचलता बाजूने सरकता येते. पण आमची आत्या ठेंगणी. एवढ्या उंचीवर तिचे पाय अधांतरी लोंबकळतात, मांडीच्या मागच्या बाजूवर दाब येतो आणि उठताना जमिनीला रेटा देता येत नाही. सर्वांना सोयीची अशी एकच उंची नसते. सार्वजनिक इमारतीत व्हीलचेअरला जुळणारी उंची योग्य, घरात मात्र त्या घरातल्या माणसाच्या गुडघ्यापासून मोजमाप सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकन वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि ते व्हीलचेअर वापरत. सार्वत्रिक रचनेची, म्हणजे वस्तू आणि इमारती शक्यतो सर्वांनाच वापरता येतील अशा घडवण्याची, कल्पना त्यांनी रुजवली, आणि 1997 मध्ये त्यांच्यासह एका गटाने तिची सात तत्त्वे मांडली. त्यांपैकी एक तत्त्व म्हणजे कमीत कमी शारीरिक श्रम, आणि ते आपल्या नळात चटकन दिसते. गोल मुठीचा नळ साबणाच्या हाताने फिरवताना पकड पूर्णपणे घर्षणावर अवलंबून असते, आणि संधिवाताने आखडलेल्या बोटांना ती जमत नाही. मुठीऐवजी नळाला लांब दांडा लावला, आणि मुठीची त्रिज्या अडीच सेंटिमीटर व दांड्याची लांबी दहा सेंटिमीटर धरली, तर तोच पीळ दांड्याच्या टोकाशी एक चतुर्थांश जोराने मिळतो. असा नळ मिटलेल्या हाताने, मनगटाने, अगदी कोपरानेही उघडतो. रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्यासाठी तो वापरतात, तेव्हा ही काही केवळ अपंगांची सोय नव्हे.

आधाराची दांडी 35 ते 45 मिलिमीटर जाडीची असावी, म्हणजे मूठ नीट मिटते. भिंतीपासूनचे अंतर बोटे मावतील इतके हवे, पण हात घसरून कोपर अडकेल इतके नको. दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत पडलेला माणूसच आत उघडणारे दार अडवून धरतो.

आत्यासाठी आम्ही 400 मिलिमीटरचे कमोड ठेवले आणि दोन्ही बाजूंना स्टीलच्या दांड्या विटांच्या भिंतीत खोल बोल्ट घालून बसवल्या. आत्याने पहिल्या दिवशी दांडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली, आणि मगच ती बसली.