आपल्या दुकानाचा प्रोग्रॅम: प्रोसीजरल की ऑब्जेक्ट-ओरिएंटेड?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ग्राहकांना आम्ही सॉफ्टवेअरचे कोटेशन देतो, तेव्हा त्यात प्रोग्रॅम कोणत्या पद्धतीने लिहिला जाईल हे नमूद केलेले असते. एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या) मालकांना प्रोसीजरल, म्हणजे कामांनुसार मांडणीची, पद्धत सुचवली जाते आणि शेजारच्या सराफांना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, म्हणजे वस्तूंनुसार मांडणीची. मग ‘आम्हाला जुनी पद्धत का?’ असा प्रश्न येतो. तो रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

आधी जुने-नवे यांचा घोळ दूर केलेला बरा. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीची पहिली भाषा म्हणून जिला मान दिला जातो ती सिम्युला ६७ ही भाषा ओस्लो येथील नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी तयार केली. प्रोसीजरल पद्धतीचे ठळक उदाहरण असलेली सी ही भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये त्यानंतर, १९७२ च्या सुमारास घडवली. लिनक्स या संगणक प्रणालीचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, आजही प्रामुख्याने सीमध्येच लिहिला जातो. तेव्हा ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणजे आधुनिक’ हे विक्रेत्यांचे बोलणे झाले. निवड करण्याचे ते कारण नव्हे.

प्रोसीजरल पद्धतीत प्रोग्रॅमची मांडणी कामांनुसार होते. माहिती एका बाजूला फायलींत किंवा टेबलांत असते आणि तिच्यावर क्रमाने चालणारी फंक्शन्स (एकेक काम करणारे प्रोग्रॅमचे तुकडे) दुसऱ्या बाजूला. जिनिंगचे काम मुळातच असे आहे: गाडी काट्यावर येते, भरलेले वजन व रिकामे वजन घेतले जाते, ओलावा पाहून दर ठरतो, कापूस जिनमधून निघाल्यावर रुई, सरकी आणि घट यांची नोंद होते, उतारा (कापसातून मिळालेल्या रुईचे प्रमाण) काढला जातो, १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि सौदा ३५६ किलोच्या खंडीवर होतो. माल एकच आणि टप्पे ठरलेले, म्हणून प्रत्येक टप्प्याला एक फंक्शन लिहिले की काम सरळ होते. प्रोग्रॅम वाचणाराही वरून खाली वाचत जातो आणि उतारा कुठे चुकला हे त्याला लवकर सापडते. येथे क्लासेसचे (माहिती आणि तिची कामे एकत्र बांधणाऱ्या साच्यांचे) जाळे विणणे म्हणजे आपल्याकडून विनाकारण जास्त पैसे घेणे होय.

सराफी दुकानाची गोष्ट वेगळी आहे. तेथे टप्पे थोडे, पण मालाचे प्रकार अनेक. सोन्याच्या दागिन्याची किंमत वजन, शुद्धता आणि घडणावळ यांवरून निघते; हिऱ्याच्या अंगठीत सोने ग्रॅमवर आणि हिरा कॅरटवर मोजला जातो; चांदीच्या भांड्याचा हिशोब निराळा; मोड (जुने दागिने) घेताना टंच (धातूची शुद्धता) पाहून घट वजा करावी लागते. प्रोसीजरल प्रोग्रॅममध्ये ‘किंमत काढा’ या फंक्शनच्या पोटात ‘दागिना सोन्याचा असेल तर असे, चांदीचा असेल तर तसे, मोड असेल तर आणखी तसे’ अशी अटींची माळ तयार होते. ती एकाच जागी असती तर हरकत नव्हती. परंतु तीच माळ बिलात, स्टॉकच्या नोंदीत, माल परत घेताना आणि वर्षअखेरच्या मूल्यांकनातही पुन्हा लिहिलेली असते. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याचे हॉलमार्क केलेले दागिने सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय (प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय) विकता येत नाहीत असा नियम आला. त्यातून २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तू आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना हॉलमार्कची सक्ती नसल्याने अपवादही सांभाळावे लागले. असा बदल प्रत्येक माळेत करावा लागतो आणि एखादी माळ राहून गेली, तर ते बिल ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत कळत नाही.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत मांडणी वस्तूंनुसार असते. सोन्याचा दागिना हा एक क्लास. त्याचे वजन, शुद्धता, एचयूआयडी ही माहिती आणि ‘स्वतःची किंमत सांग’, ‘स्वतःची बिलातील ओळ दे’ ही कामे त्याच्यातच बसवलेली असतात. बिलाचा भाग फक्त ‘किंमत सांग’ एवढेच म्हणतो. समोर अंगठी आहे की चांदीचा तांब्या, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. एचयूआयडीचा नियम त्यामुळे एका क्लासमध्ये बदलला की पुरते, आणि उद्या आपण प्लॅटिनम ठेवू लागलात तर नवा क्लास जोडायचा, जुन्या चाललेल्या भागाला सहसा हात लावायचा नाही.

याच पद्धतीचा दुसरा फायदा आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. आपल्याकडील अनेक दुकानांत अजूनही डॉस या जुन्या संगणक प्रणालीवर, फॉक्सप्रो या माहिती साठवण्याच्या जुन्या साधनात लिहिलेले प्रोग्रॅम चालू आहेत. त्यांत आजचा दर पुष्कळदा पब्लिक व्हेरिएबलमध्ये (सर्वांना खुल्या असलेल्या जागेत) ठेवलेला असतो, म्हणजे प्रोग्रॅमचा कोणताही भाग तो वाचू शकतो आणि बदलूही शकतो. बिल करणाऱ्याने २२ कॅरटचा दर भरला, मध्येच मोडीचा स्क्रीन उघडून १८ कॅरटचा दर टाकला आणि परत बिलावर आला, तर पुढचे बिल १८ कॅरटच्या दराने निघू शकते. दोन्ही स्क्रीन वेगवेगळे तपासले तर बिनचूक असतात. चूक त्यांच्या मधल्या जागेत असते. दर ही माहिती क्लासच्या आत प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्या भागांना बंद, ठेवली की ती बदलण्याचा मार्ग एकच उरतो. अर्थात शिस्तीने लिहिलेल्या प्रोसीजरल प्रोग्रॅममध्येही दर पॅरामीटर म्हणून, म्हणजे त्या-त्या फंक्शनच्या हाती थेट देऊन, ही चूक टाळता येते. फरक इतकाच, की तेथे शिस्त लिहिणाऱ्यावर अवलंबून असते आणि येथे ती पाळायला भाषेची मदत मिळते.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीची अडचणही सांगितली पाहिजे, कारण विक्रीच्या वेळी ती सहसा कोणी सांगत नाही. नवा प्रकार जोडणे येथे सोपे असते, परंतु सर्व प्रकारांना लागू होणारे नवे काम जोडायचे झाले, की प्रत्येक क्लास उघडावा लागतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा प्रत्येक मालाची एचएसएन कोडप्रमाणे (मालाच्या प्रकारासाठी ठरलेल्या क्रमांकाप्रमाणे) वर्गवारी करून देण्याचे काम नव्याने उभे राहिले. प्रोसीजरल मांडणीत अशा कामासाठी एक नवे फंक्शन लिहून चालते. म्हणजे एका पद्धतीत जे सोपे तेच दुसऱ्या पद्धतीत अवघड. शिवाय इनहेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासचे गुण दुसऱ्याला वारशाने देण्याचा, हव्यास धरला तर गुंता वाढतो. हिऱ्याची अंगठी हा ‘सोन्याचा दागिना’ या क्लासचा वारस केला, की पुढे प्लॅटिनममध्ये जडवलेला हिरा कोणाच्या घरात घालायचा, हा प्रश्न उभा राहतो. आम्ही त्याऐवजी दागिन्यात धातू, खडे आणि घडणावळ असे घटक ठेवतो. त्यामुळे कोणताही खडा कोणत्याही धातूत बसवता येतो.

म्हणून कोटेशन देण्यापूर्वी आम्ही आपल्याला भाषेविषयी काहीच विचारत नाही. गेल्या काही वर्षांत मालाचे प्रकार वाढले, की त्याच मालावर नवी विवरणपत्रे आणि नवे अहवाल मागितले जाऊ लागले, हे विचारतो. प्रकार वाढत असतील तर ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, कामे वाढत असतील तर प्रोसीजरल, असा आमचा साधारण कल असतो. पायथनसारख्या भाषेत दोन्ही पद्धती एकत्र वापरता येतात, आणि पुष्कळ दुकानांना तेच सोयीचे पडते: माल क्लासेसमध्ये, अहवाल साध्या फंक्शन्समध्ये.

फॉक्सप्रोवर काम करणाऱ्या ग्राहकांसाठी एक वेगळी सूचना आहे. फॉक्सप्रोचाच पुढचा, विंडोजवरील अवतार असलेल्या व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती, म्हणजे ९.०, मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये काढली आणि तिचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला. प्रोग्रॅम बंद पडलेला नसला तरी तो बदलण्याचा विचार सुरू करावा. मात्र जुना प्रोग्रॅम चुकीचा होता असे समजून तो काढून टाकू नये. घट किती धरायची, उधारीवर सूट कधी द्यायची, असे आपल्या धंद्याचे कितीतरी नियम फक्त त्याच प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असतात. भेटीला येताना डीबीएफ (माहितीच्या) आणि पीआरजी (प्रोग्रॅमच्या) या दोन्ही प्रकारच्या फायलींची प्रत तसेच गेल्या वर्षाची काही छापील बिले आणावीत. नवा प्रोग्रॅम तीच बिले पैशापर्यंत जुळवून दाखवीत नाही तोवर जुना संगणक चालू ठेवावा.