रिंगणाचं चित्र आणि चालण्याची वही

आमच्या शेजारचा मुलगा इथेच सोलापुरात चित्रकला शिकतो. आषाढी झाली आणि चार दिवसांनी तो भलामोठा कॅनव्हास काखोटीला मारून घरी आला. वाखरीजवळचं रिंगण रंगवलेलं. माउलींचा अश्व, खुरांखालून उडणारी माती, मागे पताकाच पताका. ‘प्रवास’ हा विषय देऊन भरवलेल्या एका प्रदर्शनात ते चित्र घेतलं नव्हतं. कारण कुणी धड सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की विषयाला धरून नाही.

‘‘काका, वारीपेक्षा मोठा प्रवास कुठला? मग हे प्रवासाचं चित्र कसं नाही?’’

पोराचं वाईट वाटलं. त्याला कुणीतरी नीट बसवून सांगायला हवं होतं, कारण हा घोळ भल्याभल्यांचा होतो. प्रवासात काढलेलं चित्र आणि प्रवासालाच हाताशी धरून केलेली आजची कला, या दोन गोष्टी नावाने इतक्या जवळ आहेत की एकीच्या अपेक्षेने दुसरी बघितली जाते. मग एकीत नुसता देखावा दिसतो आणि दुसरीत ‘यात चित्र कुठे आहे?’ असं होतं.

पहिलीची परंपरा जुनी आणि मोठी. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे इंग्रज काका-पुतणे 1786 मध्ये कलकत्त्याला उतरले, पुढची काही वर्षं हिंदुस्थानभर फिरले आणि 1795 ते 1808 या काळात त्यांनी 144 छापचित्रं प्रसिद्ध केली. देवळं, घाट, किल्ले, सगळं रेखीव. पण त्या चित्रांत बैलगाडीचे हिसके नाहीत, उन्हाचा चटका नाही. प्रवासाने चित्रकाराला जागेवर आणून सोडलं आणि तो बाजूला झाला. आपल्याकडे कुणी सिद्धेश्वर तळ्याकाठी बसून सकाळच्या उन्हातलं देऊळ रंगवतो, तेही याच जातीचं काम. तो पायी आला की रिक्षाने, चित्राला त्याने फरक पडत नाही. यात कमीपणा काही नाही. बघणं ही फार अवघड गोष्ट आहे आणि ही चित्रं बघायला शिकवतात.

दुसरीचं मूळ समजायला रिचर्ड लाँगचं उदाहरण मला सगळ्यात सोपं वाटतं. हा इंग्रज कलावंत 1967 मध्ये, शिकत असतानाच, विल्टशायरमधल्या एका कुरणात गेला आणि एकाच सरळ रेषेत जा-ये करत राहिला. गवत दबलं, रेषा उमटली. तिचा फोटो काढला, आणि तेच काम. बाहेरगावच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण सोलापूरकराला वाटू नये. मागावर धोटा करतो काय? या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि परत येतो. स्वतः कुठेच पोचत नाही, पण प्रत्येक खेपेला मागे एक आडवा धागा ठेवून जातो, आणि त्या खेपांचीच चादर होते. लाँगने पायांनी तेच केलं. इथे जाणं हे चित्रापर्यंत पोचायचं साधन राहत नाही, जाण्यातूनच काम विणलं जातं.

म्हणून मी त्या मुलाला एक कसोटी सांगितली. कामातून वाट काढून टाक आणि बघ काय उरतं. डॅनियलांचं देऊळ उरतं. लाँगचं काहीच उरत नाही.

फ्रान्सिस अलीस या कलावंताने 1997 मध्ये केलेला प्रवास या कसोटीवर ठेवून बघा. मेक्सिकोतलं तिहुआना आणि अमेरिकेतलं सॅन दिएगो ही सीमेला खेटून असलेली शहरं. तो एकातून निघून दुसऱ्यात पोचला, पण मधली सीमा न ओलांडता. त्यासाठी पॅसिफिक महासागराला वळसा घालून ऑस्ट्रेलिया, आशिया, अलास्का असं फिरून गेला. सॅन दिएगोचं एक सुंदर चित्र त्याला घरबसल्याही काढता आलं असतं. पण ती सीमा काही लोकांसाठी किती रुंद आहे, हे त्या वळशाशिवाय कळलं नसतं. मरीना अब्रामोविच आणि उलाय हे कलावंत जोडपं. 1988 मध्ये ते चीनच्या भिंतीच्या दोन टोकांकडून चालत निघाले. आधी ठरलं होतं की मध्ये भेटून लग्न करायचं. परवानग्या मिळेपर्यंत वर्षं गेली, नातं विटलं. शेवटी नव्वद दिवस चालून ते भेटले ते निरोप घ्यायला.

आता खरी गुंतागुंत. दुसऱ्या प्रकारात कलावंताने स्वतः चाललंच पाहिजे असं नाही. सुबोध गुप्ता यांनी विमानतळावरच्या ढकलगाड्या आणि त्यांवरची बोचकी धातूत ओतली. आखातातून घरी परतणाऱ्या कामगारांचं ते सामान. रीना सैनी कल्लाट यांनी विजेच्या तारा विणून जगाचा नकाशा केला आणि त्यावर स्थलांतराच्या वाटा काढल्या. तारांचं ते विणकाम बघताना मला आपल्या सोलापूरचा पूर्व भाग आठवतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्या तिथे मागावर उभ्या राहिल्या, घरात अजून तेलुगू बोललं जातं. त्या वाटेवर इथल्या कुणीतरी काम करावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि वारी? ती स्वतः कलाकृती आहे असं हल्ली ऐकू येतं. मला ते पटत नाही. वारकरी विठ्ठलाला भेटायला चालतो, त्याच्या चालण्याला कुणाच्या प्रदर्शनाची गरज नाही. तिच्यावर काम करणारा मात्र दोन्ही वाटांनी जाऊ शकतो.

हे सगळं ऐकून मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे माझं रिंगण पहिल्यातलं.’’ मी हो म्हटलं, आणि चांगलं आहे हेही सांगितलं, कारण ते आहेच. मग सहज विचारलं, वाटेत काही काढलं होतंस का? त्याने पिशवीतून एक वही काढली. पावसाने फुगलेली, कोपरे वर वळलेले, पुठ्ठ्यावर चिखलाचा अंगठा. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. प्रत्येक मुक्कामाला एक पान, आणि प्रत्येक पानावर एकच गोष्ट: त्याच्या पुढे चालणाऱ्या आजींचं उजवं पाऊल. नातेपुत्याला चप्पल धड होती. माळशिरसला चपलेचा अंगठा तुटलेला. वेळापूरला तो सुतळीने बांधलेला. भंडीशेगावच्या पानावर चप्पलच नव्हती, भेगांत माती भरलेली. वाखरीच्या पानावर पाऊस पडून शाई पसरली होती, टाच अर्धीच दिसत होती.

‘‘हे कुणाला दाखवलंस?’’

‘‘नाही काका. हे नुसतं वाटेतलं होतं.’’