इंडी म्हणजे काय भो? आमच्या आवडीनिवडीच्या भांडणामागचा इतिहास

जळगावात कोणाला सांगितलं ना की मला बँड ऐकायला आवडतात, तर पहिला प्रश्न येतो, कोणाच्या लग्नात ऐकला? कारण खान्देशात बँड म्हणजे पितळी बाजा, ढकलगाडीवर कीबोर्डवाला, कर्णे, आणि माइक धरून नवरदेवाच्या पुढे उलटा चालणारा गायक. त्यामुळे आवडते इंडी अल्बम कोणते अशा गप्पा निघाल्या की अर्धा वेळ त्या शब्दावरच जातो आणि कोणीतरी म्हणतंच, इंडी म्हणजे ते गिटार घेऊन हळू आवाजात रडणारी पोरं. दुसरा म्हणतो इंडी म्हणजे इंडियन. दोन्ही चूक, पण चूक का होते त्याला कारण आहे, म्हणून ही मागची गोष्ट.

इंडी हा इंडिपेन्डन्टचा शॉर्टफॉर्म. स्वतंत्र कशापासून, तर मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांपासून, बाकी काही नाही. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं घरच्यांकडून, मित्रांकडून मिळून ५०० पाउंड उसने घेतले आणि स्पायरल स्क्रॅच नावाची चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली, पहिल्या खेपेला फक्त १००० प्रती. त्या संपल्या, मग अजून छापाव्या लागल्या, आणि इतर पोरांच्या लक्षात आलं की अरे, कंपनीच्या दारात उभं न राहताही हे होतं! लंडनमधलं रफ ट्रेड हे दुकान १९७६ चं, त्यांनी १९७८ मधे स्वतःचं लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी काढली. १९८० पासून ब्रिटनमधे इंडी चार्ट, म्हणजे खपाची यादी, वेगळा छापायला लागले आणि त्यात यायची अट काय होती, तर रेकॉर्ड दुकानापर्यंत पोचवणारी यंत्रणा मोठ्या कंपनीची नको. गाणं कसं वाजतं हा मुद्दाच नव्हता, म्हणून तर त्या दशकाच्या शेवटी कायली मिनोगची नाचायची पॉप गाणी पण त्या चार्टवर चढली. म्हणजे बघा, लग्नात वाजतील अशी गाणी.

मग गिटार आणि रडणं कुठून आलं? १९८६ मधे एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकानं सी८६ नावाची २२ गाण्यांची कॅसेट काढली, त्यात झणझण गिटारवाले बरेच होते, आणि तिथून लोक इंडीला एक साउंड समजायला लागले. माझ्या मते सगळा घोळ तिथला आहे. धंद्याचा शब्द चवीचा शब्द झाला. एका गावची वांगी भरीताला चांगली म्हणून भरीतालाच त्या गावाचं नाव द्यायचं, तसं.

आपल्याकडे हेच काम कॅसेटनं केलं, आणि त्यासाठी कोणाला बझकॉक्स माहीत असायची गरज पडली नाही. आधी तबकडी काढायची म्हणजे बहुतेक एचएमव्हीच, आणि त्यांना अहिराणीत कशाला रस असेल. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, टी-सिरीजसारखे लोक घुसले आणि त्यांच्या मागोमाग छोटे छोटे, दोनचार तालुक्यांपुरता धंदा करणारे. कॉपी करायचं मशीन आणि छापील कव्हर एवढ्यात माल तयार. आमच्याकडे बसस्टँडच्या बाहेरच्या टपऱ्यांवर अहिराणी लग्नगीतं, कानबाई या खान्देशातल्या देवीची गाणी, विनोदी किस्से असलं सगळं मिळायचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्याच्या आधी आठवडाभर तर गल्लीत दुसरं काही वाजतच नसे. आम्ही पोरं नाक मुरडायचो, कारण आमच्या घरी टीव्हीवर लकी अली यायचा ना.

माझं स्वतःचं इंडी सुरू झालं ते इंडियन ओशन या बँडपासून. मामाचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, त्यानं २००० साली आलेल्या त्यांच्या कंदिसा या अल्बमची कॅसेट आणली, सात गाणी, आणि शेवटचं गाणं केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या जुन्या अरामी प्रार्थनेचं. आजी म्हणाली, हाई काय शे? म्हणजे हे काय आहे? आजीला उत्तर देता आलं नाही पण कॅसेट मी परत दिली नाही. त्यातलं मा रेवा मला फार उशिरा कळलं. रेवा म्हणजे नर्मदा, आणि महाराष्ट्रात नर्मदा आहेच कुठे, तर आमच्या नंदुरबारच्या उत्तर टोकाला, जेमतेम ५४ किलोमीटर. ते गाणं नर्मदेकाठच्या लोकांचं, आणि बँडचा बास वाजवणारा राहुल राम नव्वदच्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनात होता, म्हणजे अक्कलकुव्याकडचं मणिबेली गाव धरणाच्या ज्या पाण्यात गेलं त्याच पाण्याची ही गोष्ट. दिल्लीचा बँड, पुण्याची कॅसेट, आणि गाणं निघालं आमच्याच शेजारचं! याच बँडनं २०१० मधे १६/३३० खजूर रोड हा अल्बम दर महिन्याला एक गाणं असं करत नेटवर फुकट दिला, त्यांचा तबला वाजवणारा गायक असीम चक्रवर्ती त्याच्या आदल्या डिसेंबरात गेला होता. तो अल्बम मला कंदिसाएवढा नाही आवडत, पण फुकट द्यायची ती हिंमत आवडते.

मधल्या काळात मेमरी कार्ड आलं. मोबाइलच्या दुकानात कार्ड दिलं की पोरगा विचारायचा, हिंदी टाकू का अहिराणी का मिक्स? तो मिक्स टाकायचा त्यात काय काय असायचं याला नेम नाही, माझ्याकडे त्यातूनच सातपुड्याकडची रोडाली आणि टिमली ही आदिवासी नाचाची गाणी आली, गायकाचं नाव नाही, फाइलला फक्त नंबर. सप्टेंबर २०१६ मधे जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि तो पोरगा बेकार झाला असेल, कारण आता बनवणारे सरळ यूट्यूबवर टाकायला लागले. बबल्या इकस केसावर फुगे हे अहिराणी गाणं ज्यांनी ऐकलं त्यातल्या निम्म्या पुणे-मुंबईवाल्यांना वाटलं की डोक्यावर फुगे लावलेत. अरे बाबांनो, बबल्या केसांच्या बदल्यात फुगे विकतो, बायकांचे गळालेले केस द्यायचे आणि पोरांना फुगा घ्यायचा, आमच्या लहानपणी दारावर यायचे असे लोक. मग हाई झुमका वाली पोर आलं. ही गाणी चालायची पद्धत पण ऐका, आधी यूट्यूब, मग लग्नाचा बँड. एकदा बँडवाल्यानं उचललं की गाणं झालं हिट, त्याला कुठला चार्ट लागत नाही. आणि २०२४ मधे जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडची गुलाबी साडी देशभर वाजली, पिक्चरचं गाणं नाही बरं का.

आता याला इंडी म्हणायचं की नाही यावर आमच्यात दोन तट आहेत. एक मित्र प्रतीक कुहाड हा गायक आणि द लोकल ट्रेन हा बँड यांच्या पलीकडे इंडी मानत नाही, गुलाबी साडी म्हटलं की हात जोडतो. मला स्वतःला द लोकल ट्रेनचा २०१५ चा आलस का पेड हा अल्बम मनापासून आवडतो, भुसावळहून रात्रीच्या गाडीनं जाताना तो ऐकून बघा, पण ते अस्सल आणि झुमकावाली गावठी हे मला पटत नाही, १९८० च्या त्या चार्टची अट लावली तर झुमकावालीच आधी आत जाईल. बरं, आवडतात का मला ती सगळी? नाही, बरीचशी एकाच ठेक्यावर आहेत आणि आवाज मशीननं सुरात बसवणाऱ्या ऑटोट्यूननं डोकं उठतं. इंडी असणं वेगळं आणि चांगलं असणं वेगळं, ब्रिटनमधेही रद्दी भरपूर निघाली असणार.

तर माझे आवडते विचाराल तर कंदिसा पहिला, आलस का पेड दुसरा, आणि तिसरी कानबाईच्या गाण्यांची एक कॅसेट, आईनं जपून ठेवलेली. बी साइडला मधेच कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं आणि गाणाऱ्या बाया थांबत नाहीत. कव्हरवर देवीचा फोटो, मागे दुकानाचा पत्ता, बायांची नावं कुठेच नाहीत. आई म्हणते त्यातली एक धुळ्याकडची असावी, तिच्या "शे"वरून कळतं.