शंभर मेसेजच्या मर्यादेपासून आयफोनच्या हप्त्यापर्यंत : सांगलीच्या तरुणांमधली फोनची प्रतिष्ठा

आयफोनच्या हप्त्यांवरून घराघरांत वाजायला लागलं, तसं ‘आजची पोरंच वाया गेली’ म्हणून बरेच जण मोकळे झाले. सांगली-मिरजेत हातातल्या फोनवरून माणूस जोखायची रीत मात्र या पोरांनी आणलेली नाही. ती त्यांच्या थोरल्या भावंडांच्या काळातली आहे, आणि तिला वळण लावण्यात मोबाईल कंपन्यांइतकाच दिल्लीतल्या एका नियमाचा, दिवसाला किती एसएमएस पाठवायचे याच्या मर्यादेचा, हात आहे. आज तो नियम कुणाच्या ध्यानातही नाही, म्हणून त्याला इथे जरा जास्त जागा दिली आहे.

त्याआधीचं थोडक्यात. मे 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षी ‘501 रुपये भरा आणि हँडसेट घरी न्या’ ही योजना आली आणि तोवर डॉक्टर, साखर कारखान्याचे संचालक आणि हळदीच्या पेठेतले अडते यांच्याच हातात दिसणारा मोबाईल कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचला. नोकिया 1100 सगळ्यांकडे. ऐपतवाल्यांकडे 6600, मग एन 70, एन 73. मॉडेलवरून भाव ठरायचा तो इथूनच: ब्लूटूथ आहे का, कॅमेरा किती मेगापिक्सेल, मेमरी कार्ड भरून घेतलंय का. मध्येच ‘चायना मोबाईल’ची लाट आली. दोन सिम, टीव्ही पकडायची काडी, आणि एसटीत मागच्या सीटवर लावलेलं गाणं ड्रायव्हरला ऐकू जाईल असा आवाज. त्यातल्या आयएमईआय क्रमांक (प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक) नसलेल्या हँडसेटची सेवा 30 नोव्हेंबर 2009 च्या मध्यरात्रीपासून बंद करण्याचा हुकूम निघाला आणि ती लाट ओसरायला लागली.

या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र सर्वांना सारखी होती, ती म्हणजे एसएमएस. 1100 वरून पाठवलेला मेसेज आणि एन 73 वरून पाठवलेला मेसेज वाचणाऱ्याला एकसारखाच दिसायचा. विश्रामबागेत फ्लॅटमध्ये राहणारी आणि पलूसहून रोज एसटीने येणारा, दोघंही एकाच गप्पांत असायचे. 50 रुपयांच्या आतला पॅक टाकला की महिनाभर मेसेज शेकड्यांनी जायचे. रोमन लिपीतलं मराठी तेव्हाच अंगवळणी पडलं. त्यालाही हिशेब होता: रोमन लिपीत एका मेसेजमध्ये 160 अक्षरं बसायची, देवनागरीत 70. बाकावर पुस्तक उघडं, हात खाली, आणि बटणांकडे न बघता टायपिंग. ज्याच्याकडे नवीन शेर, नवीन विनोद आधी येतो, त्याला मान होता. त्यासाठी महागडा फोन लागत नव्हता, ओळखी लागत होत्या. दिवाळी, 31 डिसेंबर अशा दिवशी पॅक चालायचा नाही, प्रत्येक मेसेजला पूर्ण पैसे कटायचे. म्हणून शुभेच्छा आदल्या दिवशीच उरकल्या जायच्या.

27 सप्टेंबर 2011 पासून एका सिमवरून दिवसाला 100 मेसेज अशी मर्यादा लागू झाली. पोस्टपेडला महिन्याला 3,000. हा नियम करणाऱ्या दूरसंचार नियामकाचं, म्हणजे ‘ट्राय’चं, म्हणणं समजण्यासारखं होतं. नको असलेले कॉल आणि जाहिरातींचे मेसेज यांनी लोक वैतागले होते. 2007 मध्ये सुरू झालेली ‘डू नॉट कॉल’ नोंदणी कुचकामी ठरली होती. जाहिरातवाले साधी सिमं घेऊन, त्यावर स्वस्तातले पॅक टाकून हजारोंनी मेसेज मारत होते. सिमलाच मर्यादा घातली की हे थांबेल, असा तो विचार.

‘पण दिवसाला 100 मेसेज पाठवतं कोण?’ हा तेव्हाच्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न, आणि कदाचित नियम करणाऱ्यांचाही. उत्तर सोपं होतं. ‘जेवलास?’ हा एक. ‘हो’ हा दुसरा. ‘काय होतं?’ तिसरा. ‘आमटी’ चौथा. कॉलेजमधली पोरं चिठ्ठी लिहावी तसा मेसेज लिहीत नव्हती, बोलत होती, आणि बोलणं मोजायला लागलं की शंभराचा आकडा दुपारपर्यंत संपतो. त्यात एखादा विनोद वर्गातल्या तिसांना पाठवला की तिथेच तीस गेले. म्हणजे व्यापाऱ्याला अडवायला लावलेल्या जाळ्यात पहिली सापडली ती हॉस्टेलवरची पोरं. ओरड झाली, कंपन्यांनीही तक्रारी केल्या, आणि 1 नोव्हेंबर 2011 पासून मर्यादा 200 वर नेली. जुलै 2012 मध्ये दिल्लीतल्या उच्च न्यायालयाने वैयक्तिक मेसेजपुरती ती रद्द केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा उठल्या, पुण्या-बंगळुरातून गाड्या भरभरून लोक गावी निघाले, आणि केंद्राने देशभर दिवसाला फक्त 5 मेसेजचं बंधन घातलं. ते नंतर 20 वर गेलं आणि महिनाअखेरीला उठलं. वर्ष संपायच्या आत नियामक नव्या वाटेने परतला: दिवसाचे 100 मेसेज झाले की पुढच्या प्रत्येकाला किमान 50 पैसे. ही अट 2020 पर्यंत कागदावर होती. तोवर एसएमएस फक्त बँकेचे आणि ओटीपीचे येत होते.

या मर्यादेमुळेच व्हॉट्सअ‍ॅप रुजलं, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. 2009 मध्ये सुरू झालेलं ते अ‍ॅप जिथे मर्यादा नव्हती त्या देशांतही पसरलंच. इंटरनेटचे छोटे पॅक आणि स्वस्त अँड्रॉइड फोन ही कारणंही खरीच आहेत. तरी आपल्याकडे ते आधी कुणाच्या हातात आलं आणि मागे कोण राहिलं, याचा हिशेब मांडताना हा नियम बाजूला ठेवता येत नाही, असं माझं मत आहे. मेसेज मोजून मिळायला लागले तेव्हा ज्यांच्याकडे नेट चालणारा फोन होता ते उठून दुसरीकडे गेले. बाकीचे होते तिथेच राहिले, आणि त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नाही.

याच सुमारास अमेरिकेत काय झालं ते बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये, म्हणजे आपली मर्यादा लागू झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत, आयफोनमध्ये आयमेसेज ही अ‍ॅपलची स्वतःची मेसेज सेवा आली. आयफोनवरून आयफोनला गेलेला मेसेज निळा, इतर फोनशी देवाणघेवाण झाली तर हिरवा. तिथे अमर्याद एसएमएसचे प्लॅन सर्रास होते, त्यामुळे पोरं फोनमधल्या त्याच मेसेजच्या खिडकीत राहिली, आणि हिरव्या रंगाची लाज वाटायला लागली. हे प्रकरण इतकं वाढलं की मार्च 2024 मध्ये तिथल्या सरकारने मक्तेदारीविरोधी दावा ठोकला, त्यात या रंगाचाही उल्लेख आहे. आपल्या पोरांना हा रंगाचा वाद परदेशी व्हिडिओंतून कळतो. इथे गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि तिथे आयफोनवाल्याचा आणि सात हजारांच्या फोनवाल्याचा मेसेज एकाच रंगाचा. सांगलीत भेद दाखवायला दुसरी जागा शोधावी लागली.

ती पहिली जागा म्हणजे ग्रुप. 2012-13 मध्ये गॅलक्सी वाय घेतलेला, मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास घेतलेला ग्रुपमध्ये. नोकिया सी 3 किंवा आशावाला कसाबसा आत. त्याच्या बटणाच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालायचं, पण फोटो उघडेपर्यंत विषय बदललेला असायचा. 1100 वाला बाहेर. प्रॅक्टिकलची बॅच बदलली, सबमिशनची तारीख पुढे गेली, उद्या तासच नाही, सगळं ग्रुपवर. ‘ग्रुपवर टाकलंय की’ हे वाक्य तेव्हा इंजिनिअरिंगच्या कॉरिडॉरमध्ये दिवसातून दहादा ऐकू यायचं. ज्याच्याकडे साधा फोन होता त्याला कुणाला तरी ‘मला तेवढा एसएमएस कर’ म्हणावं लागायचं, आणि जतहून, कवठेमहांकाळहून आलेल्या पोराला ते म्हणणं किती जड जात असेल याचा विचार वर्गाने केला नाही. आटपाडीकडचा एखादा ऊसतोडीचे पैसे आल्यावर सेकंडहँड अँड्रॉइड घेऊन यायचा, आणि त्या दिवशी त्याला ‘अ‍ॅड’ केल्याची ओळ ग्रुपवर उमटली की टाळ्यांचे इमोजी पडायचे.

पुण्याला शिकायला गेलेले काही जण ब्लॅकबेरी घेऊन सुट्टीला यायचे आणि त्याच्या मेसेंजरवर जोडायला एकमेकांना पिन विचारायचे. ते कौतुक दोन-तीन दिवाळ्यांपुरतं. डिसेंबर 2012 मध्ये आलेल्या हाइक या मेसेजिंग अ‍ॅपने मित्र जोडला की टॉकटाइम दिला आणि अ‍ॅप नसलेल्यालाही फुकट एसएमएस पाठवायची सोय ठेवली. वरच्या नियमाने केलेली जखम त्यांनी बरोबर ओळखली होती. स्टिकर गोड होते. जानेवारी 2021 मध्ये ते बंद पडलं.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं. पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. इथे महत्त्वाचं एवढंच की 1,500 रुपये अनामत ठेवून मिळणाऱ्या जिओफोनवरही सप्टेंबर 2018 पासून व्हॉट्सअ‍ॅप चालायला लागलं आणि ग्रुपबाहेर कुणी उरलंच नाही. आजी आली, मामा आले, दूध संकलन केंद्राचा ग्रुप झाला, भिशीचा झाला. जिथे सगळे आले तिथे पोरांना करमेना. व्हॉट्सअ‍ॅप घरच्यांचं आणि सरांचं झालं; आपलं म्हणून दुसरं काहीतरी हवं होतं.

ते काही काळ टिकटॉक होतं. त्याने जी उलथापालथ केली तिची नोंद नीट झालेली नाही. मळ्यात, उसाच्या फडात, ट्रॅक्टरच्या टपावर केलेले व्हिडिओ लाखोंनी बघितले जायला लागले, आणि शहरातल्या कॉलेजकट्ट्यावर ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याच्याबरोबर गावच्या जत्रेत लोक फोटो काढायला लागले. 29 जून 2020 ला केंद्राने 59 अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात तेही बंद झालं. दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. सगळे तिकडे गेले, पण फॉलोअर बरोबर गेले नाहीत. इन्स्टावर चेहरामोहरा, कपडे, कॅफे, गाडी यांना भाव होता. टिकटॉकचे बरेच हिरो तिथे पुन्हा शून्यावर आले. बैलगाडा शर्यतींना डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा कुठे गावाकडच्या रीलला परत जोर चढला.

बाकीच्या अ‍ॅप्सची वाटणीही आता ठरलेली आहे. टेलिग्राम पोलीस भरतीवाल्यांचं आणि स्पर्धा परीक्षावाल्यांचं. कुठल्या चॅनेलवर कुठली पीडीएफ पडली हे ज्याला आधी कळतं त्याला अभ्यासिकेत वजन असतं. स्नॅपचॅट अकरावी-बारावीचं, तिथली स्ट्रीक, म्हणजे रोज एकमेकांना स्नॅप पाठवायची साखळी, तुटली तर रुसवे होतात. महापुराच्या काळात मात्र हे सगळं विसरून व्हॉट्सअ‍ॅपच. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा ज्या पोराकडे पातळीचा ताजा आकडा आणि बोटीचा नंबर असायचा, त्याला एरवी ओळख न देणारी माणसंही फोन करत होती. पाणी ओसरलं तसा तो मानही ओसरला, ही गोष्ट वेगळी.

राहता राहिला आयफोन. भेद मेसेजमध्ये दिसत नाही, तर तो आरशासमोरच्या सेल्फीत दाखवायचा. फोन चेहऱ्यासमोर, मागचे कॅमेरे समोर. मोबाईलच्या दुकानात मागच्या लोगोपुरती गोल खिडकी ठेवलेली कव्हरं मिळतात ती याचसाठी. सेकंडहँडच्या बाजारात पहिला प्रश्न ‘बॅटरी हेल्थ किती?’, दुसरा ‘डबा आणि बिल आहे का?’. हप्ते आहेतच, ज्या घरात उसाच्या बिलाचा दुसरा हप्ता कधी पडतो याची वाट बघतात त्याच घरात फोनचा हप्ता महिन्याच्या महिन्याला कटतो. बापाचा राग त्या पैशावर आहे आणि तो रास्त आहे. पण वर्गातल्या पन्नास पोरांकडे तीच चार अ‍ॅप्स असताना वेगळं दिसायला दुसरं काय उरलंय, हे त्याला कुणी सांगत नाही.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 च्या ऑगस्टमध्ये वेगळाच उपाय काढला. संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, मोबाईल आणि टीव्ही बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला पुरुषांनी थट्टा केली, बायकांनी उचलून धरलं. पोरांच्या अभ्यासासाठी चांगलंच आहे ते. मात्र दीड तास फोन खाली ठेवल्याने कुणाचा फोन कुठला हे कुणी विसरत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये ‘अरट्टाई’ या देशी मेसेजिंग अ‍ॅपचा गाजावाजा झाला आणि डाउनलोडच्या यादीत ते वर चढलं. घरोघरच्या काकांनी ते उत्साहाने घेतलं आणि पुतण्यांना निमंत्रणं पाठवली. पुतण्यांच्या दृष्टीने तिथेच त्याचा निकाल लागला.