मूल बोलत नाही? आधी त्याचा कान बोलतो का ते बघा

“ऐकू तर येतं हो त्याला. दार आपटलं की दचकतो, टीव्हीवर आवडती जाहिरात लागली की दुसऱ्या खोलीतून पळत येतो.” दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नाही असा विषय निघाला आणि कुणी हिअरिंग टेस्ट सुचवली, की हे उत्तर ठरलेलं. जोडीला घरातला एखादा काका किंवा मामा असतोच. तो चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होता आणि आता दुसऱ्याला बोलू देत नाही. काकाचा दाखला बाद करायला वेळ लागत नाही. जे उशिरा बोलले आणि पुढे सुरळीत झाले त्यांचेच किस्से घरात सांगितले जातात. ज्यांचं तसं झालं नाही त्यांचा किस्सा होत नाही. दाराचा दाखला मात्र नीट तपासावा असा आहे, कारण तो खरा असूनही दिशाभूल करतो.

दार आपटतं तेव्हा त्या आवाजातली बहुतेक ऊर्जा खालच्या कंपनसंख्यांत असते. शिवाय जमीन हादरते, हवेचा झोत येतो. भाषेचं तसं नाही. स्वरांचा जोर खालच्या पट्ट्यात असतो, पण शब्दाशब्दांतला फरक बराचसा व्यंजनं करतात आणि ती नाजूक असतात. ‘स’चा सुस्कारा ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याही वर असतो, तोही स्वराच्या मानाने फारच क्षीण. आता असं मूल घ्या, ज्याला खालचे सूर चांगले ऐकू येतात आणि वरचे येत नाहीत. त्याच्या लेखी ‘साप’, ‘ताप’, ‘चाप’ आणि ‘थाप’ हे चारही शब्द म्हणजे एकच ‘आ’ आणि त्याच्या आजूबाजूला काहीतरी पुसट. आईने हाक मारली की ते वळतं, हसतंही. घरच्यांची खात्री पटते. पण बोलणं शिकायला जो कच्चा माल लागतो तो त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पाठीमागून टाळी वाजवून केलेली घरगुती परीक्षाही याच कारणाने कुचकामी. टाळीत सगळ्या कंपनसंख्या असतात, त्यामुळे कान अर्धा चालत असला तरी मूल वळतं.

नावाने हाक मारल्यावर न बघणं, न बोलणं, सांगितलेलं न करणं या तक्रारींमागे ऑटिझम असू शकतो, बौद्धिक विकासातला उशीर असू शकतो, निव्वळ भाषेची अडचण असू शकते, किंवा बहिरेपण. बाहेरून सगळी सारखीच दिसतात. कधी दोन एकत्रही असतात. म्हणून जाणता बालविकासतज्ज्ञ बाकी काही करण्याआधी मुलाला ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवतो. पालकांना वाटतं, डॉक्टर टोलवतायत. तसं नाही. विकासाच्या बहुतेक चाचण्यांत मुलाला काहीतरी तोंडी सांगावं लागतं, आणि जे सांगितलं ते ऐकूच आलं नसेल तर त्या गुणांना अर्थ उरत नाही. दुसरं कारण मला जास्त आवडतं. या सगळ्या शक्यतांपैकी ऐकण्याचीच तपासणी अशी आहे, जिच्यात मुलाने काही सांगावं लागत नाही, करावं लागत नाही. झोपलेलं असलं तर उत्तमच. कारण निरोगी कान आवाज ऐकतो, तसा स्वतः आवाज करतोही, आणि तो मायक्रोफोनने टिपता येतो.

शाळेत शिकलेला कान आठवा: पडदा, तीन हाडं आणि आत गोगलगाईच्या शंखासारखी कॉक्लिया. ही नळी उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. आत द्रव आहे आणि मधोमध एक पातळ पडदा. आवाज आला की त्या पडद्यावर लाट धावते. वरच्या सुरांची लाट सुरुवातीलाच उंच होते आणि विरते, खालच्या सुरांची टोकापर्यंत जाते. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी ही लाट सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिली आणि त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. एकच अडचण होती. त्यांनी पाहिलेले कान मृत माणसांचे होते आणि त्यांतली लाट फार पसरट होती. जिवंत माणूस दोन अगदी जवळचे सूर सहज वेगळे ओळखतो. एवढ्या पसरट लाटेतून ते कसं जमावं?

थॉमस गोल्ड या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने १९४८ मध्येच याचं उत्तर सुचवलं होतं. पुढे खगोलशास्त्रात नाव काढलेले गोल्ड ते हेच. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. कॉक्लियातला द्रव चिकट आहे, त्यात कुठलंही कंपन ताबडतोब मरायला हवं. ते मरत नाही, याचा अर्थ आत कुणीतरी वरून ऊर्जा घालतंय. झोपाळ्याला प्रत्येक हेलकाव्याला नेमक्या वेळी हलका धक्का दिला की तो घर्षणाला न जुमानता झुलत राहतो, तसं. आणि असा धक्का देणारी यंत्रणा असेल, तर ती कधीमधी स्वतःहूनही गुणगुणेल, म्हणजे कानातून आवाज बाहेर यायला हवा. तीसेक वर्षं हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

१९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानाच्या नळीत एक इवलासा स्पीकर आणि एक मायक्रोफोन बसवला, बारीकसा ‘टक्’ आवाज सोडला आणि वाट पाहिली. काही मिलिसेकंदांनी आतून प्रतिध्वनी आला. नुसता भिंतीवर आपटून आलेला आवाज इतका उशिरा येत नाही. शिवाय मूळ आवाज जितका हळू, तितका प्रतिध्वनी त्याच्या प्रमाणात मोठा. साध्या परावर्तनात असं कधी होत नाही. ज्यांची श्रवणशक्ती गेली होती त्यांच्या कानातून मात्र काहीच आलं नाही. गोल्ड बरोबर होते.

धक्का देणारे कोण, हे पुढे कळलं. कॉक्लियात केशपेशींच्या, म्हणजे डोक्यावर केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशींच्या, दोन जाती आहेत. आतल्या रांगेत सुमारे ३५०० पेशी, त्या मेंदूला खबर देतात. बाहेरच्या रांगांत सुमारे १२००० पेशी, आणि त्या चक्क नाचतात. विजेचा दाब बदलला की त्यांची लांबी बदलते, जास्तीत जास्त ४-५ टक्के, पण सेकंदाला हजारो वेळा. स्नायूला हा वेग स्वप्नातही जमणार नाही. स्नायूसारखं रासायनिक इंधन इथे प्रत्येक आचक्याला जळत नाही. पेशीच्या भिंतीत ठासून भरलेलं प्रेस्टिन नावाचं प्रथिन विजेच्या दाबाने थेट आकार बदलतं. ते सापडलं २००० साली. क्षीण आवाजाला हे नाचणं ४० ते ६० डेसिबलचं बळ देतं, म्हणजे कंपन शंभर ते हजार पट मोठं होतं. सस्तन प्राण्यांत या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांना केशपेशी नव्याने येतात, आपल्याला नाही.

आता ऑडिओलॉजिस्टकडच्या खोलीत या. मुलाच्या कानात मऊ रबरी टोकाचा प्रोब बसवतात. या तपासणीला ओएई (ऑटोअकूस्टिक एमिशन, म्हणजे कानातून निघणारा आवाज) म्हणतात. एका प्रकारात प्रोबमधून एकाच वेळी दोन सूर सोडले जातात, उदाहरणार्थ १६४० आणि २००० हर्ट्झचे. स्क्रीनवर दोन उंच रेघा दिसतात. आणि कान धड असेल तर डावीकडे १२८० हर्ट्झला तिसरी बुटकी रेघ उगवते. १२८० हर्ट्झचा सूर कुणीही वाजवलेला नाही. तो कानाने बनवला. हिशेब असा: पहिल्या सुराची दुप्पट ३२८०, त्यातून दुसरा २००० वजा. नाचणाऱ्या पेशी दोन्ही सुरांना एकदम धक्के देताना काटेकोर प्रमाणात देत नाहीत, थोडी वेडीवाकडी भर घालतात. त्या वेडेवाकडेपणातून अशी नवी कंपनं जन्मतात, आणि त्यांतलं हे सगळ्यांत ठळक. गणिताची गोडी असलेल्यांनी दोन साइन लहरींची बेरीज करून तिचा घन काढून पाहावा, १२८० आपोआप बाहेर पडतो. इतरांनी एवढंच लक्षात ठेवावं की ती बुटकी रेघ म्हणजे त्या भागातल्या बाहेरच्या केशपेशी जिवंत असल्याची सही आहे. सुरांची जोडी वर सरकवत गेलं की कॉक्लियाचा एकेक भाग तपासून होतो.

रेघ उगवली नाही म्हणजे मूल बहिरं, असं मात्र नाही. कानात मळ असेल, मूल रडत असेल, कानाच्या बाहेरच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल, तरी ती दिसत नाही. पडद्यामागे साचणारं हे चिकट पाणी लहान मुलांत फार आढळतं, येतं-जातं, दुखतही नाही, आणि भाषा शिकण्याच्या ऐन काळात महिनोनमहिने आवाज पुसट करून ठेवतं. पडद्याची हालचाल मोजणारी टिम्पॅनोमेट्री केली की ते पकडता येतं.

उलटी फसगत जास्त महत्त्वाची. रेघ झकास उगवली, पण मूल ऐकत नाही. बाहेरच्या पेशी नाचतायत, पण आतल्या पेशींकडून कानाच्या नसेला खबर जात नाही, किंवा नस ती विस्कटलेली पाठवते. जन्मल्यावर तीव्र कावीळ झालेल्या किंवा नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांत ही शक्यता जास्त, काहींत कारण जनुकीय. अशांची फक्त ओएई केली तर कागदावर ‘पास’ येतं. म्हणून बेरा ही दुसरी तपासणी. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड, कानात टक्-टक् आवाज, आणि नसेतून मेंदूच्या बुंध्याकडे जाणाऱ्या विजेची नोंद. आवाजानंतरच्या पहिल्या १० मिलिसेकंदांतच सगळा खेळ. हवी असलेली लहर एक मायक्रोव्होल्टपेक्षाही छोटी, आणि मेंदू-स्नायूंचा गोंगाट तिच्या कित्येक पट. मग ती सापडते कशी? तोच आवाज २००० वेळा ऐकवून नोंदींची सरासरी काढतात. गोंगाट दर वेळी वेगळा, म्हणून तो एकमेकांत विरतो आणि २००० च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ४५ पटीने घटतो. लहर दर वेळी त्याच जागी, म्हणून ती उरते. मूल जागं असेल आणि मान हलवत असेल तर स्नायूंचा गोंगाट इतका वाढतो की सरासरीही हात टेकते. त्यामुळेच तपासणीआधी त्याला जागं ठेवून मग झोपवून आणायला सांगतात, किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचं औषध देतात.

या नसेच्या अडचणीच्या एका जनुकीय प्रकारात, जिथे ओटोफर्लिन नावाचं प्रथिन बनत नाही, २०२४ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी कानात निरोगी जनुक सोडून सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागल्याचं प्रसिद्ध केलं. बातमी खरी आणि मोठी आहे. पण ओटोफर्लिनचा दोष हे बहिरेपणाच्या अनेक कारणांपैकी एक दुर्मीळ कारण, आणि ‘बहिरेपणावर इलाज सापडला’ असे मथळे वाचून श्रवणयंत्र पुढे ढकलणं म्हणजे भाषेची सगळ्यांत मोलाची वर्षं घालवणं. बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखलं गेलेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस असते, हे १९९८ पासून माहीत आहे.

त्याच १९९८ साली गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा कुप्रसिद्ध निबंधही आला. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला, तरी अफवा काही मागे गेली नाही. गंमत बघा, गालगुंड आणि गर्भात झालेला रुबेला ही बहिरेपणाची जुनी, ठाऊक कारणं आहेत. ऑटिझमच्या नावावर विकली जाणारी स्टेम सेलची इंजेक्शनं आणि शरीरातले जड धातू काढून टाकणारी औषधं यांचीही तीच कथा. फायद्याचा पुरावा नाही, आणि धातू काढण्याच्या औषधांनी जीव गेल्याचं उदाहरण आहे. नजर लागली म्हणून अंगारे लावणारे निदान इंजेक्शन तरी देत नाहीत.

कान ठीक निघाले तर पुढची वाट जरा कंटाळवाणी आहे. ऑटिझमसाठी रक्ताची तपासणी नाही, एमआरआय नाही. जनुकीय तपासणीत काहींचं मूळ कारण सापडतं, पण निदान होतं ते मुलाला खेळताना बघून आणि पालकांना खोदून खोदून विचारून: बोट दाखवतो का, आवडलेली वस्तू तुम्हाला आणून दाखवतो का, खोटंखोटं खेळतो का. इंटरनेटवरची प्रश्नावली भरून लाल निशाण आलं तर ते निदान नव्हे, चाळणी आहे. त्या चाळणीत पुढे ऑटिझम न निघणारीही बरीच मुलं अडकतात, मात्र त्यांतल्या अनेकांना दुसरी कुठलीतरी मदत लागतेच. वर्षभराचं होऊनही हातवारे नाहीत, १६ महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना स्वतःचे दोन शब्द जोडून बोलणं नाही, किंवा येत असलेलं काही कुठल्याही वयात गेलं, तर तपासणीसाठी थांबू नये. आणि तपासणीची तारीख लांबची मिळाली म्हणून स्पीच थेरपी थांबवू नये. तिला निदानाचा कागद लागत नाही.

तज्ज्ञासमोर मूल अर्धा तास कोपऱ्यात गप्प बसणार किंवा रडणार, हे धरूनच चाला. घरात ते जसं असतं तसं मोबाइलवर टिपून न्या: एकटं खेळताना, हाक मारल्यावर, काही हवं असताना. कानाच्या तपासणीचा मूळ रिपोर्ट मागून घ्या, नुसतं ‘नॉर्मल’ नको. ओएई झाली की बेरा की दोन्ही, दोन्ही कानांची झाली का, कोणत्या कंपनसंख्यांना, हे त्यात दिसलं पाहिजे. जन्मानंतर लगेच झालेली चाचणी पास असली तरी तिच्यावर विसंबू नका. मेंदुज्वरानंतर बहिरेपण येऊ शकतं, गर्भात लागलेल्या सीएमव्ही विषाणूने ते महिन्यांनी, वर्षांनीही येतं, आणि काही जनुकीय प्रकार तर हळूहळूच उघड होतात. मूल आज बोलत नसेल तर तपासणीही आजचीच हवी.